बाक हवेत, हात असलेले

परवा आमच्या वाशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘खाडीकाठी बाक टाकले की संध्याकाळी जोडपी येऊन बसतात, त्यापेक्षा बाकच नकोत.’ त्यावर भराभर अंगठे उमटले. माझे बाबा रोज तिथेच, खाडीकाठच्या मिनी सीशोरला फिरायला जातात. गुडघे झिजलेत. जोडप्यांच्या धास्तीने त्यांनी उभंच राहायचं का?

म्हाताऱ्या माणसाला पुढे टेकायला मिळेल याची खात्री असेल तरच तो पुढे चालतो. मी राहतो त्या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या ईस्टबोर्नला सकाळी ज्येष्ठांच्या मोफत बसपासवाली मंडळी उतरतात, शेल्टरमध्ये वाऱ्याला पाठ करून थर्मास उघडतात, थोडं चालतात, पुन्हा बसतात. वर्दळीच्या पायवाटेवर दोन बाकांत ५० मीटरहून जास्त अंतर नको, असं इथलं सरकारी मार्गदर्शन सांगतं. बाकाला हातही हवेत. बाबा नुसत्या कट्ट्यावरून उठताना एक तळवा गुडघ्यावर टेकवतात, दुसरा आईच्या खांद्यावर. आईचा खांदा आधीच दुखतो.

कुणी कांदळवनाचं कारण पुढे करतं. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तिथे नवं काँक्रीट नकोच, मीही फ्लेमिंगोंच्याच बाजूचा. पण आहे त्याच पदपथावर बाक, कठडा आणि सावली करायला कांदळवन कशाला तोडावं लागतं? दुचाक्या शिरू नयेत म्हणून आपण तोंडाशी लोखंडी दांडे रोवतो, त्यातून वॉकर जात नाही. रॅम्पचा १:१२ चा उतार, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढ, तर आपल्याच केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, तो मी विलायतेहून आणलेला नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, ‘तू आता इथला नाहीस.’ फार लागलं. पासपोर्ट बदलला, मतदान गेलं, हे खरं. पण आई-बाबांची औषधं इथून मीच मागवतो, आणि माझं म्हातारपण मला अजून वाशीतच दिसतं. इथे बाक आहेत, पण शेजारचा हवामानापलीकडे बोलत नाही. बाबांना तिथे अर्धा सेक्टर हाक मारतो. बायकोला परतणं पटलेलं नाही, मुलांना तर नाहीच. तरी मी ग्रुप सोडणार नाही. जोडपी बसतात म्हणून बाक कमी पडत असतील तर दुप्पट टाका. जोडप्यांनाही बसू द्या, बाबांनाही.