स्वस्त गाण्यांच्या संदेशाबाबत खुलासा
गणपतीच्या तोंडावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातील भजनी मंडळांत ‘नाममात्र दरात गाणी डाऊनलोड करा, पैसे भरले की ती कायदेशीरच’ असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. कायदेशीरपणा पैसे भरल्याने नव्हे, तर विक्रेत्याकडे ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकाचा परवाना असल्याने ठरतो. मॉस्कोहून चालणारी ‘ऑलऑफएमपीथ्री’ ही सेवा फाइलच्या आकारमानानुसार अत्यल्प पैसे घेत असे आणि रशियन परवान्याचा हवाला देत असे. मात्र ध्वनिमुद्रण कंपन्यांनी तो मान्य केला नाही आणि २००७ मध्ये ती बंद पडली. भारतात ध्वनिमुद्रणावरील हा हक्क (कॉपीराइट) प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे आपल्या बुवांच्या प्रकाशित डबलबारीच्या (दोन भजनी बुवांमधील सामन्याच्या) ध्वनिमुद्रणांनाही तो लागू आहे, आणि परवान्याविना झालेल्या विक्रीतून त्या बुवांच्या, पखवाजवादकांच्या हाती काहीच पडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी गाण्यासोबत हक्कधारकाचे नाव दिले आहे का, हे पाहावे आणि शक्य तेथे त्याच्याकडेच चौकशी करावी.