सेव्हन सीटर घ्या, भाऊ!

सात माणसांची गाडी घ्यायची वेळ आली हे ओळखायचं कसं? घरात चार माणसं असली की वेळ आली समजा. नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी. ही चौघं पाच सीटच्या गाडीत आरामात बसतात, वर एक जागा उरते. पण एका उरलेल्या जागेने आजवर कुणाचं भलं झालंय? उरायला तीन पाहिजेत. मामाजी, आत्याबाई आणि अमरावतीचा साळा. हे तिघं दिवाळीला येतात आणि उन्हाळ्यात येतात, म्हणजे वर्षाचे धरून सहा दिवस. उरलेले ३५९ दिवस त्या तीन सीटांवर कॉटन मार्केटातून आणलेल्या मेथीच्या जुड्या बसतील. बसू द्या, त्यांनाही मोकळं वाटतं.

'आपल्या गाडीत माझ्या माहेरची माणसं मावत नाहीत' हे वाक्य घरात एकदा उच्चारलं गेलं की पुढे हिशेब करायचा नसतो. वर्षातून सहा दिवस टॅक्सी केली तर किती होतील, असा प्रश्न मीही एकदा विचारला होता. पुन्हा विचारला नाही.

तर जुन्या गाडीचं बजेट. समजा पाच लाख. हा आकडा गुप्त ठेवू नका. नागपुरात कामठी रोड असो की वाडी नाका, ज्या डीलरकडे जाल तिथे उतरल्या उतरल्या सांगून टाका. त्याचा फायदा असा की तुम्हाला दाखवलेली प्रत्येक गाडी चार लाख नव्वदची निघते. आपण आणि गाडी एकमेकांसाठीच घडलो आहोत, असं मनापासून वाटू लागतं.

मग कुठली घ्यायची? पहिली मान इनोव्हाकडे वळते, सगळ्यांचीच वळते. जुनी इनोव्हा २००५ ते २०१६ या काळातली, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, मरता मरत नाही अशी ख्याती. पाच लाखांत जी मिळते ती शिर्डीला इतक्या वेळा जाऊन आलेली असते की तिला आता स्टिअरिंग धरायची गरज उरलेली नाही. नंबरप्लेट पांढरी आहे ना, मग झालं. ती आधी पिवळी होती का, हे आरसीच्या इतिहासात दिसतं, पण दुसऱ्याच्या भूतकाळात डोकावणं आपल्या संस्कारात बसत नाही.

दुसरी अर्टिगा. ती २०१२ साली आली तेव्हापासून निम्म्या नागपूरला हवी आहे, त्यामुळे विकणारा भावात हलत नाही. बोलेरो आणि जुन्या स्कॉर्पिओत मागे आडव्या सीटा असतात. तिथे बसलेल्या दोघांचे गुडघे एकमेकांना लागतात. ज्यांचं आपसात बोलणं बंद आहे अशा नातेवाइकांना मुद्दाम तिथे बसवावं.

खरा शहाणा मात्र तिसरीकडे जातो. टवेरा, एन्जॉय, मोबिलिओ, लॉजी, गो प्लस. या गाड्या स्वस्त मिळतात आणि त्यामागे काहीतरी कारण असेल अशी शंका काही कुजक्या लोकांना येते. कारण एवढंच की टवेरा-एन्जॉयवाल्या शेवरलेने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं, मोबिलिओही त्याच सुमारास गेली, लॉजी २०२० ला आणि गो प्लसवाली डॅटसन २०२२ ला. एखादा पार्ट लागलाच तर मिस्त्री 'मिळते ना भाऊ' म्हणतो आणि दोन आठवडे फोन उचलत नाही. पण किती वाचले ते बघा की.

सामान ठेवायची जागा हा सेव्हन सीटरमधला सगळ्यात विनोदी भाग. सातही सीटा उघड्या ठेवल्या तर रेनॉच्या ट्रायबरमध्ये मागे ८४ लिटर जागा उरते आणि गो प्लसमध्ये ४८. आपल्या भाषेत सांगायचं तर गो प्लसच्या डिकीत तेलाचे जेमतेम तीन पिपे मावतील. म्हणजे सात माणसं घेऊन तुम्ही कुठेही जाऊ शकता, फक्त तिथे मुक्काम करता येत नाही.

आता माणूस. गाडी बघायला एकटं जाऊ नये, सोबत जाणकार न्यावा. जाणकार म्हणजे ज्याने आयुष्यात एकदा गाडी घेतली आहे आणि ती अजून चालू आहे. आमच्याकडे साळाच होता. तो गाडीभोवती फिरतो, चारही टायरांना एकेक लाथ मारतो, बोनेट उघडायला लावतो, आत बघून 'हं' म्हणतो आणि बोनेट बंद करतो. त्या 'हं'मध्ये काय नसतं? एखादा मिस्त्री पाचशे रुपये घेऊन गाडी रॅम्पवर चढवेल, एप्रनवरचं, म्हणजे बोनेटखालच्या बाजूच्या पत्र्यावरचं वेल्डिंग दाखवेल, ऑइलचं झाकण काढून धूर बघेल आणि सगळ्या उत्साहावर पाणी ओतेल. पाच लाखांच्या व्यवहारात पाचशे रुपये उगाच कशाला घालवायचे?

आम्ही पाहिली ती गाडी (मेक सांगत नाही, दोष तिचा नव्हता) २०१५ ची होती. मीटरवर ५८,००० किलोमीटर. ब्रेकच्या पेडलचं रबर घासून इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यावर पाय ठरत नव्हता. ५८,००० मध्ये असं कसं, असा विचार माझ्या मनात येतच होता, तेवढ्यात डीलर म्हणाला, "डॉक्टरसायबाची गाडी आहे भाऊ. हप्त्यातून एकदा काढत होते. एकदम मख्खन." डॉक्टर म्हटल्यावर आपण गप्प होतो. नागपुरात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांची असते. इतके डॉक्टर या शहरात असूनही सकाळी अपॉइंटमेंट का मिळत नाही, ते कळत नाही.

"राहत कुठे होते?" साळ्याने विचारलं.

"अंबाझरीकडे. पॉश एरिया. एमएच-एकतीसचं पासिंग आहे, पाहा ना."

साळ्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. पॉश एरिया!

बोनेटला हात लावला तर ते गरम. इंजिन थंड असताना स्टार्ट करून बघावं, तेव्हाच त्याचा खरा खोकला ऐकू येतो, असं म्हणतात. पण मे महिना होता, ४५ डिग्री, दुपारचे दोन. नागपुरात मे महिन्यात गरम नसलेलं बोनेट कुणी पाहिलंय? टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या गाडीवर ४११६ होतं. म्हणजे २०१६ च्या दसऱ्याचे टायर, डीलरच्या भाषेत 'सत्तर टक्के'. कशाचे सत्तर टक्के ते विचारायचं नसतं.

आत बसलो तर काय वास! मोगऱ्याचा. डॅशबोर्डवर एक बाटली, आरशाला एक, एसीच्या जाळीत एक. सीट कव्हर नवीकोरी, पायाखालचं कार्पेट नवंकोरं, चिकटवण्याच्या डिंकाचा थोडासा वास मोगऱ्याखालून येत होता. दहा वर्षांच्या गाडीत कार्पेट नवं का, असं विचारणारा माणूस लग्नात जेवायला बसून वरणात मीठ शोधतो. डॉक्टर स्वच्छतेचे भोक्ते असतात, एवढं समजून घ्या.

इथे त्या शंकेखोर लोकांविषयी दोन शब्द बोलावे लागतील. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना आठवते. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदीने आपण नदी असल्याचं पहिल्यांदाच सिद्ध केलं आणि पार्किंगमधल्या गाड्या उभ्या जागी बुडाल्या. अशा बुडालेल्या गाड्यांचं पुढे काय होतं? दुरुस्तीचा खर्च फार निघाला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस ठरवते, मालकाला पैसे मिळतात, सांगाडा लिलावात जातो. तिथून तो कुणीतरी उचलतो, धुतो, वाळवतो, आतलं कापड बदलतो. म्हणून हे शंकेखोर सांगतात की कार्पेट उचलून बघा, सीटचे बोल्ट गंजलेत का बघा, स्टेपनीच्या खळग्यात हात घालून गाळ लागतो का बघा, आणि सीटबेल्ट शेवटच्या इंचापर्यंत बाहेर ओढा. सीट धुता येते, पण गुंडाळीत बसलेला बेल्ट कुणी धूत नाही.

आता सांगा, भर दुपारी, शर्ट पाठीला चिकटलेला, डीलरने उसाचा रस मागवलेला, अशा वेळी कोण बेल्ट ओढत बसेल? रस गरम होतो. आम्ही रस प्यायलो.

टेस्ट ड्राइव्ह सिमेंट रोडवर घ्यावी. या शहरात सिमेंट रोडची कमतरता नाही आणि त्यावर सस्पेन्शनची खटखट ऐकू येत नाही. डीलर रेडिओ लावतो तो लावू द्यावा. एसी मात्र आम्ही कसून तपासला, म्हणजे पुढे बसून. पुढे हिमालय होता. मागच्या दोन्ही रांगांना वेगळा ब्लोअर असतो आणि काही बेसिक व्हेरियंटमध्ये तो नसतोच, ही माहिती पुढच्या सीटवर पोहोचत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, वहीत लिहून ठेवा: तिसऱ्या रांगेत बसून बघू नका. ती लांबून बघायची गोष्ट आहे. डीलर मधली सीट खटकन पाडतो, तिसरी रांग दाखवतो आणि पुन्हा खटकन उभी करतो. तो 'खट' आवाज ऐकून समाधान मानायचं. आत शिरून बसलात तर गुडघे हनुवटीला लागतात, डोकं छताला लागतं आणि बजेटमध्ये बसणारी एकमेव गाडी हातची जाते.

कागदपत्रांवर फार वेळ घालवू नका, कारण कंटाळा येतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, बँकेचं नाव आरसीवर असेल तर ते काढायला फॉर्म ३५ आणि बँकेचं एनओसी लागतं, विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. "नो क्लेम बोनसपण तुम्हालेच भेटते भाऊ," डीलर म्हणाला. तो बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत, माणसाचा असतो, गाडीसोबत फिरत नाही, हे मला नंतर कळलं. थकलेले ई-चलान मोबाइलवर दोन मिनिटांत दिसतात. आम्हाला ते दोन महिन्यांनी दिसले, सात होते. डॉक्टर हप्त्यातून एकदाच गाडी काढायचे, पण काढायचे तेव्हा जोरात काढायचे. विम्याच्या जुन्या क्लेमचा इतिहासही मागता येतो म्हणे. डीलरला विचारल्यावर तो इतका दुखावला, "आपल्यावर भरोसा नाही का भाऊ?" की मीच त्याला सॉरी म्हणालो. सौदा चार लाख पंच्याऐंशीवर पटला. पाच हजार मी स्वतः घासाघीस करून कमी केले, ही गोष्ट मी अजूनही लोकांना सांगतो.

आषाढीनंतरच्या रविवारी पहिल्यांदा सातही सीटा भरल्या. धापेवाड्याला विठ्ठलाच्या दर्शनाला जायचं ठरलं. मामाजींचं गुडघ्यांचं दुखणं, म्हणून ते पुढे. साळ्याला नवी गाडी चालवून बघायची होती, म्हणून तो स्टिअरिंगवर. आत्याबाईंना मागे मळमळतं, त्या मधे. बायको त्यांच्या शेजारी, मुलगी त्यांच्यामध्ये. राहिलो मी आणि मुलगा. गाडीचा हप्ता भरणारा माणूस मधल्या सीटखालून रांगत, आधी डोकं मग बूड असा, तिसऱ्या रांगेत गेला. दार लागलं. पाऊस सुरू झाला, काचा वर झाल्या. मोगऱ्याच्या बाटल्या दोन महिन्यांत संपल्या होत्या आणि त्यांच्याखाली जे काही इतके दिवस दबून होतं ते ओल्या हवेत हळूहळू उठून बसलं. साचलेल्या नालीचा वास.

"बाबा, कुणी चिखल आणला?" मुलाने विचारलं.

"बेल्ट लाव," मी म्हणालो आणि माझा ओढला. गुडघे छातीशी आल्यामुळे तो नेहमीपेक्षा लांब ओढावा लागला. पहिला हातभर पट्टा काळा होता. मग एक आडवी रेघ आली, फुटपट्टीने मारल्यासारखी सरळ, आणि त्यापुढचा पट्टा मातकट. बोटांनी चोळला तर बारीक वाळलेला गाळ मांडीवर पडला.

पुढून साळ्याचा आवाज आला, "भाऊजी, मागं बरोबर बसले ना? कशी मख्खन चालून राह्यली पाहा!"

"बसलो," मी म्हणालो.

बेल्ट काही परत आत गेला नाही. धापेवाड्यापर्यंत मी तो हातात धरून होतो.