आवाज स्ट्रीमरच्या पेटीत नसतो

घरच्या हाय-फायची आवड असलेल्या कोल्हापूरकरांमध्ये गेले काही महिने एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. तो कोणी लिहिला याचा त्यावर उल्लेख नाही. राजारामपुरीतील एका मित्राने मात्र तो वाचून, नव्या स्पीकरसाठी साठवलेले पैसे नेटवर्क स्ट्रीमरवर, म्हणजे नेटवर्कवरून गाणी घेऊन वाजवणाऱ्या पेटीवर, घालायचे ठरवले, तेव्हा त्याला सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे: डॅकला (डिजिटल आकड्यांपासून आवाजाची लहर घडवणाऱ्या यंत्राला) गाण्याचे आकडे पुरवणारी पेटी हाच यंत्रणेचा आत्मा असतो, साध्या संगणकातून किंवा रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकातून येणारे आकडे 'गढूळ' असतात, नेटवर्कच्या केबलचा आणि वाय-फायचा आवाजावर परिणाम होतो, स्ट्रीमरच्या घड्याळावर सगळे अवलंबून असते, सीडी ट्रान्सपोर्ट (सीडीवरचे आकडे वाचून डॅकला देणारी पेटी) स्ट्रीमरपेक्षा केव्हाही सरस असतो, आणि ज्याला हे ऐकू येत नाही त्याची यंत्रणा तरी कमी दर्जाची असते किंवा कान तरी.

उत्तरापूर्वी एक घोळ निस्तरला पाहिजे. डिजिटल ट्रान्सपोर्ट फक्त आकडे वाचतो आणि पुढे देतो. त्या आकड्यांचे विद्युतलहरीत रूपांतर डॅक करतो. बाजारातील अनेक स्ट्रीमरमध्ये डॅकही बसवलेला असतो. तसा स्ट्रीमर थेट अॅम्प्लिफायरला जोडून त्याची तुलना दुसऱ्या पेटीशी केली, तर ती दोन डॅकची तुलना झाली, आणि दोन डॅकमध्ये फरक असू शकतो. मजकुरातील निम्मी 'उदाहरणे' या प्रकारातली आहेत. पुढचे सगळे विवेचन एकच बाह्य डॅक कायम ठेवून केवळ ट्रान्सपोर्ट बदलण्याविषयी आहे.

आता 'गढूळ' आकडे. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात दर सेकंदाला प्रत्येक बाजूचे ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाच्या लहरीची मोजमापे, असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. दोन्ही बाजू मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. ते डॅकपर्यंत जसेच्या तसे पोहोचतात की नाही, हे कानाने ठरवण्याची गरज नाही, कारण ते तपासता येते. ज्यांच्याकडे डीटीएस (होम थिएटरचा अनेक स्पीकरांचा आवाज साठवण्याची एक पद्धत) ओळखणारा होम थिएटरचा रिसीव्हर आहे, त्यांनी डीटीएस पद्धतीने साठवलेली वेव्ह फाइल एसपीडिफचा (डिजिटल आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीचा) बोर्ड लावलेल्या रास्पबेरी पायमधून त्याला द्यावी. वाटेत आकड्यांना जराही धक्का लागला, तर रिसीव्हरला ती फाइल डीटीएस म्हणून ओळखताच येत नाही आणि स्पीकरमधून नुसता खरखराट येतो. म्हणून हा प्रयोग करताना रिसीव्हरचा आवाज आधीच अगदी लहान ठेवावा. माझ्याकडच्या पायने डीटीएसचा दिवा पहिल्याच फटक्यात पेटवला. मग मी सॉफ्टवेअरमधला व्हॉल्यूम १०० वरून ९९ वर आणला आणि दिवा विझला, खोलीभर खरखर झाली. पुन्हा १०० केला, पुन्हा संगीत सुरू झाले. आकडे जसेच्या तसे पोहोचवण्याचे काम ही स्वस्त पाटी चोख करते.

अर्थात स्वस्त साधन आकडे कधीच बदलत नाही असे नाही. अँड्रॉइड फोन अनेकदा सगळे संगीत ४८ किलोहर्ट्झला बदलून बाहेर देतो. विंडोजचा मिक्सरही सेटिंगमध्ये जो दर असेल त्या दराला आणून सोडतो. ज्याच्या डॅकवर दर दाखवणारा पडदा आहे त्याने सीडीवरून उतरवलेले गाणे लावून पाहावे, ४४.१ ऐवजी ४८ दिसले तर मधे कोणीतरी हात घातला आहे. पण हा दोष सेटिंगचा आहे, पाच मिनिटांत आणि फुकट दुरुस्त होणारा.

केबलचा मुद्दा आपल्याकडच्या पाण्याच्या टाकीवरून चटकन समजतो. नळाला पाणी कधी जोरात येते, कधी करंगळीएवढ्या धारेने, आणि मधेच जातेही. तरी न्हाणीघरातल्या नळाची धार दिवसभर सारखी असते, कारण ती गच्चीवरच्या टाकीतून येते. स्ट्रीमरमध्येही अशी टाकी असते, तिला बफर म्हणतात. नेटवर्कवरून गाणे अखंड धारेने येत नाही. ते क्रमांक घातलेल्या पुडक्यांनी येते, प्रत्येक पुडक्याची बेरीज तपासली जाते, आणि एखादे हरवले किंवा बिघडले तर ते पुन्हा मागवले जाते. ही पुडकी कोणत्या क्षणी आली याची खूण पुढे कोठेही उरत नाही. मी एका संध्याकाळी नुसता तानपुरा लावला आणि तो चालू असताना स्ट्रीमरची नेटवर्क केबल उपटून हातात घेतली. पुढे चौदा सेकंद तानपुरा तसाच वाजत राहिला आणि मग थांबला. त्या चौदा सेकंदांत कोणत्या केबलचा 'मखमली खर्ज' ऐकू येत होता, हे मजकूरकर्त्याने सांगावे. वाय-फायलाही हेच लागू पडते: सिग्नल अपुरा पडला तर गाणे अडखळते, कोरडे होत नाही.

घड्याळाचा मुद्दा मात्र एवढ्यात उडवून लावण्यासारखा नाही. मजकुरात अर्धे सत्य असलेली हीच एक जागा आहे. नमुने योग्य असले तरी ते डॅकमध्ये समान अंतराने बाहेर पडले पाहिजेत. त्या अंतरातील थरथरीला जिटर म्हणतात. एसपीडिफ या जोडणीत, मग ती ७५ ओहमच्या कोअॅक्शियल केबलची असो किंवा प्रकाशाची, आकडे आणि घड्याळाचे ठोके एकाच लहरीत गुंफलेले असतात. ठोके पाठवणारा ट्रान्सपोर्ट असतो आणि डॅकला त्याच्या मागे चालावे लागते. त्यामुळे जुन्या पद्धतीचा, येणारी थरथर नीट न गाळणारा डॅक असेल, तर ट्रान्सपोर्टच्या घड्याळाचा परिणाम डॅकमधून बाहेर पडणाऱ्या लहरीत मोजता येतो.

मोजता येतो, पण किती? १० किलोहर्ट्झच्या शुद्ध स्वरावर एक नॅनोसेकंदाची नियमित थरथर असेल, तर त्या स्वराच्या दोन्ही बाजूंना उमटणारे भुताटकीचे स्वर मूळ स्वरापेक्षा सुमारे ९० डेसिबल खाली असतात. एवढ्या उंच पट्टीत संगीतातली ऊर्जा आधीच थोडी असते, आणि आपल्या घरातल्या पंख्याचा आवाजही या भुतांच्या कितीतरी वर असतो. शिवाय आजचे बहुतेक डॅक एसपीडिफवरून आलेली थरथर आत गाळून टाकतात. आणि असिंक्रोनस यूएसबीची जोडणी असेल, जी आजच्या बहुतेक स्वतंत्र डॅकमध्ये असते, तर नाते सरळ उलटे होते. तेथे ठोके डॅकचे असतात. डॅकच ट्रान्सपोर्टला आता जरा जास्त दे, आता जरा कमी दे असे सांगत राहतो. ज्या घड्याळाकडे कोणी पाहतच नाही, ते कितीही महाग घेतले तरी त्याचा उपयोग काय?

ट्रान्सपोर्टमुळे खरोखर ऐकू येणारी गोष्ट मी एकदा अनुभवली, आणि तिचा मजकुरात उल्लेखही नाही. लॅपटॉप यूएसबीने डॅकला जोडला होता, चार्जर लावलेला होता, आणि आलापातल्या शांततेत स्पीकरमधून बारीक घुमघुम येत होती. चार्जर काढला, घुमघुम गेली. लावला, परत आली. लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर दोन वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थिंगला जोडले गेले होते, आणि केबलच्या तारेतून ५० हर्ट्झचा विजेचा कचरा डॅककडे वाहत होता. हा आकड्यांचा दोष नव्हता, तारेचा होता. उपायही साधा निघाला: प्रकाशाने आकडे नेणारी टॉसलिंक केबल. तिच्यातून वीज वाहतच नाही. ती काही शे रुपयांत मिळाली. घुमघुम नसेल तर तेवढाही खर्च करण्याचे कारण नाही.

सीडी ट्रान्सपोर्टविषयी थोडक्यात. चकतीवर ओरखडा असेल तर प्लेयर चुका दुरुस्त करतो, आणि दुरुस्त झाल्या नाहीत तर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने जागा भरतो. त्याला पुन्हा पुन्हा वाचायला सहसा सवड नसते, कारण गाणे चालू असते. संगणकावर तीच सीडी उतरवताना चांगले सॉफ्टवेअर खराब भाग अनेकदा वाचून ताडून पाहते. त्यामुळे नीट उतरवलेली फाइल चकतीपेक्षा कमी असण्याचे कारण नाही. मग अनेकांना सीडी वेगळी का वाटते? बहुधा ते मुद्रणच वेगळे असते. अल्लादिया खाँसाहेबांच्या परंपरेतल्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची पुनर्मुद्रणे ऐकणाऱ्यांना हे ठाऊक आहे: एका आवृत्तीत सुईची खरखर आणि तिच्यामागचा तानपुरा दोन्ही असतात, दुसरीत खरखरीबरोबर तानपुराही घासून काढलेला असतो. स्ट्रीमिंगवर दुसरी आवृत्ती असेल तर त्याचा दोष स्ट्रीमरच्या माथी मारू नये.

राहिला कानांचा मुद्दा. माझ्या नागाळा पार्कमधल्या घरी भाच्याला मदतीला घेऊन मी पाय आणि मित्राने दोन दिवसांसाठी आणलेला महागडा स्ट्रीमर एकाच डॅकवर ऐकले. आधी दोन्हींची पातळी स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून मोजली. साधा मल्टिमीटर उंच वारंवारतेला फसवतो, म्हणून ६० हर्ट्झचा स्वर वापरला. स्ट्रीमरवर २.८३ व्होल्ट आले, पायवर २.६४. म्हणजे स्ट्रीमर सुमारे ०.६ डेसिबलने मोठा होता. पायवर सगळी गाणी एका पातळीला आणणारी सोय चालू राहिली होती, ती बंद केल्यावर दोन्ही आकडे जुळले. एवढा फरक 'मोठा' म्हणून कळत नाही, 'मोकळा' आणि 'भरीव' म्हणून कळतो. त्याआधी मी आणि मित्र, आम्ही दोघांनीही स्ट्रीमरची अशीच स्तुती केली होती. मग भाच्याने पडद्याआडून सोळा वेळा अदलाबदल केली आणि मी प्रत्येक वेळी ओळखण्याचा प्रयत्न केला. "मामा, सोळापैकी नऊ," त्याने कागद पुढे करत सांगितले. नुसते नाणे उडवले तरी सरासरी आठ येतात. निदान बारा आले असते तर मी हा लेख वेगळा लिहिला असता. मित्राचे आठ आले. यंत्रणा त्याच्याच घरून आणलेली होती, ज्या यंत्रणेवर त्याला पूर्वी 'रात्र आणि दिवसाइतका' फरक ऐकू आला होता, तीच.

स्ट्रीमरवर पैसे खर्च करूच नयेत असे मात्र मी म्हणणार नाही. मीही माझी जुनी पेटी गेल्या वर्षी बदलली, आणि कारण आवाजाचे नव्हते. माझ्या संग्रहातल्या मैफलींत विलंबित आणि द्रुत हे वेगळे ट्रॅक आहेत, आणि ती पेटी दोहोंच्या मधे दीड सेकंद गप्प बसायची. गायक समेवर येऊन द्रुत उचलतो नेमक्या त्याच ठिकाणी.