अंदाजपंचे गृहस्थाची हिवाळी चाके

भिंतीतला खिळा नेहमी नजरेच्या मापाने ठोकणाऱ्या आणि जगातले कोणतेही अंतर 'हे काय, अर्ध्या तासात पोहोचतो' एवढ्याच हिशेबाने मोजणाऱ्या माणसाने गाडीची हिवाळी चाके स्वतः निवडून स्वतः बसवण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे ठाम मत आहे. एरवी गाडी समजूतदार असते. डिकीत सामान कसेही कोंबले, आतला आरसा थोडा तिरका राहिला, तरी ती चालवून घेते. चाकाच्या बाबतीत मात्र ती एका मिलिमीटरचीही सवलत देत नाही.

घरातून पहिला आक्षेप आला तो असा : "अहो, पण बर्फ कुठे पडलाय अजून?" आक्षेप रास्त वाटतो, पण हिवाळी टायरचे नाते बर्फाइतकेच थंडीशीही असते. तापमान साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि त्याची रस्त्यावरची पकड ढिली पडते; हिवाळी टायरचे रबर त्याही थंडीत मऊ राहते आणि त्याच्या नक्षीवर असंख्य बारीक काप असतात, ज्यांच्या कडा बर्फात रुततात. जगातला पहिला हिवाळी टायर 1934 साली फिनलंडमध्ये मालमोटारींसाठी तयार झाला, इथपर्यंत मी पोहोचलो तेव्हा पत्नीने शांतपणे विचारले, "मग ज्यांना ते बसवताही येतात, त्यांच्याकडेच गाडी का नेत नाही?"

यावर माझ्याकडे उत्तर तयार होते. टायर रिमवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या भागावर, चढवणे हे यंत्राचे काम आहे; परंतु आधीच रिमवर चढवलेले आणि बॅलन्सिंग केलेले, म्हणजे सगळीकडून वजन सारखे करून दिलेले, चार टायर घेतले, तर दर मोसमात वीस बोल्ट काढायचे आणि वीस बोल्ट लावायचे, एवढेच उरते. कागदावर हे इतके सोपे दिसते, की त्यापायीच भले भले गृहस्थ पाना हातात घेतात.

पाना हातात येण्याआधी मात्र आकडे भेटतात. टायरच्या अंगावर '205/55 आर 16 91 एच' असे काहीतरी कोरलेले असते. त्यातले 205 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, 55 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या टक्क्यांमध्ये, आणि 16 म्हणजे रिमचा व्यास चक्क इंचांमध्ये. ज्या समितीने हे ठरवले, तिच्या सभासदांचे आपसांत बोलणे नसावे. पुढचे 91 हे वजन नसून वजनाचा संकेत आहे, तो एका टायरमागे 615 किलोचा. आणि 'एच' म्हणजे ताशी 210 किलोमीटरची मर्यादा, जिच्याशी बर्फात बैलगाडीच्या वेगाने जाणाऱ्या माझा कधी संबंध येणार नाही. टायरवर 'एम+एस' (इंग्रजीत 'चिखल आणि बर्फ' यांची आद्याक्षरे) एवढेच असेल तर त्याने हुरळून जाऊ नये, कारण ती अक्षरे मिळवण्यासाठी बर्फावरची परीक्षा द्यावी लागत नाही; तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असलेले चिन्ह परीक्षा दिल्यावरच मिळते. जन्मतारीखही तिथेच असते : चार आकड्यांत 3523 असेल, तर टायर 2023 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला.

रिमचे प्रकरण याहून नाजूक निघाले. बोल्टची पाच भोके ज्या वर्तुळावर असतात, त्याचा व्यास माझ्या गाडीला 112 मिलिमीटर लागतो, आणि स्वस्तात मिळत असलेल्या देखण्या रिमचा होता 114.3. दशांश चिन्ह पाहून कोणाला वाटेल, की केवढी ही अचूकता. प्रत्यक्षात ते सरळसाधे साडेचार इंच आहेत. आमचे मेहुणे म्हणाले, "दोन मिलिमीटरने काय होते, भाऊजी? बसेल की!" ही आमची दोघांची जन्माची भूमिका असल्यामुळे तिच्या विरोधात बोलताना मला फार जड गेले, पण असे चाक बसवले तर बोल्ट तिरके ताणले जातात आणि वाटेत चाक आपल्या पुढे जाताना दिसण्याची शक्यता निर्माण होते. मधल्या भोकाचा व्यास, रिम आत-बाहेर किती बसतो त्याचा आकडा, बोल्टचे डोके शंकूसारखे की गोलाकार, हेही सगळे जुळावे लागते. ते जुळवता जुळवता मला त्या देखण्या रिमचा मोह सोडून काळ्याकुळकुळीत पोलादी रिमवर यावे लागले.

बसवण्याचा दिवस उजाडला. चाक जमिनीवर असतानाच बोल्ट थोडे सैल केले, सपाट जागी जॅक लावला, सगळे बोल्ट काढले, आणि चाक जागचे हलेना. पाचही भोके रिकामी, मागे काहीही धरून ठेवणारे नाही, तरी ते तसेच. हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो गाडीचा भाग, लोखंडाचा, जुन्या चाकाचा रिम अॅल्युमिनियमचा, मध्ये गंज; या तिघांचे मेतकूट मोसमभरात असे जमते, की त्यात बोल्टची गरजच काय, असा प्रश्न पडावा. दोन बोल्ट परत अर्धवट लावून मी टायरला डावीकडून आणि उजवीकडून टाचेने लाथा घातल्या. रस्त्याने जाणारे एक सद्गृहस्थ थांबून माझ्याकडे सहानुभूतीने पाहू लागले. गाडीवर राग काढणारा माणूस त्यांनी पूर्वी पाहिला असावा. अखेर 'कट्' असा आवाज होऊन चाक सुटले. ते मी खबरदारी म्हणून गाडीखालीच सरकवले आणि हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला.

नवे चाक सुमारे वीस किलोचे. ज्या गाड्यांना हबमधूनच स्टड, म्हणजे आट्यांचे दांडे, बाहेर आलेले असतात, त्यांचे मालक चाक खुंटीवर टांगून मोकळे होतात. आम्हा बोल्टवाल्यांना चाक पायाच्या चवड्यावर तोलून, एका हाताने रिमचे भोक हबच्या भोकासमोर आणून, दुसऱ्या हाताने बोल्ट फिरवावा लागतो, आणि त्याच वेळी टायरवरचा बाण पुढच्या दिशेला आहे ना, हेही पाहावे लागते.

शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत तो जोर 120 न्यूटन मीटर लिहिला होता. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळत गेलो, की ठरलेल्या जोराला रेंच 'टक्' करतो. आयुष्यात कोणीही मला 'आता पुरे' असे इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलेले नाही. मेहुण्यांना तो आवाज अपुरा वाटला आणि 'आणखी अर्धा फेरा द्या, मनाला बरे वाटते' असे म्हणून ते पान्यावर उभे राहायला निघाले; त्यांना चहाच्या निमित्ताने आत पाठवावे लागले. जादा आवळलेला बोल्ट ताणला जातो, आणि रस्त्यात पंक्चर झाले की उघडतही नाही. साधारण पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. तेही मी केले, आणि रेंचने लगेच 'टक्' केल्यावर कारण नसताना मान डोलावली.

उरली उतरवलेली चार चाके. कोणते कुठले ते खडूने लिहून, रिमसकट असल्यामुळे आडवी एकावर एक रचून, मी ती अंधाऱ्या, कोरड्या जागेत म्हणजे जिन्याखाली ठेवली.

"ही किती दिवस इथे?" पत्नीने विचारले.

"थंडी संपली, की गाडीला परत लावणार."

"म्हणजे मग ही जागा मोकळी होईल?"

"नाही," मी म्हणालो, "मग हिवाळी चाके इथे."