पुठ्ठाही मिठाईच्याच भावाने?

गणपती असो, दिवाळी असो की कुणाचा निकाल, मिठाईच्या दुकानात तोच प्रकार. काट्यावर रिकामा खोका ठेवायचा, त्यात काजूकतली रचायची आणि आकडा ५०० वर आला की झाकण लावून मोकळे! अहो, खोका ठेवल्यावर आकडा शून्यावर आणायला एक बटण दाबावं लागतं. तेवढंही होत नाही? १००० रुपये किलोची काजूकतली आणि ६० ग्रॅमचा जाडजूड, चकचकीत खोका, म्हणजे ६० रुपये निव्वळ पुठ्ठ्याचे. चार घरी न्यायचे खोके घेतले की २४० रुपये गेले.

"खोक्याचं वजन वजा करा" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "सगळीकडे असंच असतं, ताई." वर मागे उभी असलेली माणसं आपल्याकडेच रागाने बघतात. सणासुदीला कशाला वाद, म्हणून सगळे गप्प बसतात आणि दुकानदारांचं फावतं. संताप होतो अगदी! पैसे मिठाईचे घेता, तर वजनही मिठाईचंच द्या. कायदाही निव्वळ वजनच मागतो.

आकडा शून्य झालेला दिसल्याशिवाय एकही वडी खोक्यात पडू देऊ नका. काट्याची दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, तिचं प्रमाणपत्र दर्शनी जागी लावलंय का तेही बघा. दुकानदार ऐकतच नसेल तर पक्कं बिल घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा वैध मापन शास्त्र (म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी) कार्यालयात तक्रार करा.