भाऊ, बॅटरी गेली!

निफाडचा पारा ६ अंशांवर आला की तीन गोष्टी ठरलेल्या. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात येतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात आणि सव्वासहाला चार कानटोप्या माझ्या गाडीभोवती जमतात. द्राक्षांना ऊब मिळते, गाडीला सल्ला. तोही एकच. समोरचे नाना बॉनेटवर थाप मारून सांगतात, "भाऊ, बॅटरी गेली. नवी टाका."

गाडी जुनी डिझेल, चार सिलिंडरची, हीटर प्लगवाली, म्हणजे सुरू करताना सिलिंडरमधली हवा तापवणाऱ्या प्लगांची. थंडीत अडून बसते, पण मुकी नसते. किल्ली फिरवल्यावर ती काय बोलते हे ऐकायला घटकाभर गप्प राहावं लागतं. चार कानटोप्यांना तेवढंच जमत नाही.

नुसतं एकदाच "टक्" झालं, तर सोलेनॉइड (मोटरला करंट सोडणारा विजेचा खटका) उचलतोय, पण सेल्फची, म्हणजे इंजिनला पहिली फिरकी देणारी मोटर फिरत नाही. कार्बन ब्रश झिजलेत, नाहीतर जाड वायर सैल आहे. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं "टकटकटकटक" वाजलं, तर सोलेनॉइड धरून ठेवण्याइतकाही दम बॅटरीकडून येत नाही. "घुऽर्र... घुऽर्र" असं रडगाणं म्हणजे करंट अर्ध्या वाटेत मुरतोय, किंवा ऑइल काकवीसारखं झालंय. आणि इंजिन झपाझप फिरूनही पेटत नसेल, तर बॅटरी निर्दोष. नानांनी तिची माफी मागावी.

तरी तिला तपासायचंच असेल, तर मल्टिमीटरने. पहाटे, किल्ली लावण्याआधी. रात्री गाडी बंद केल्या केल्या मोजलेला आकडा फुगीर असतो. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला पाठवा. सेल्फ मारताना काटा ९.६ च्या बराच खाली घसरला, तर मात्र नाना बरोबर. थंडीने बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाला तिची ताकद सुमारे एक तृतीयांश घटते आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. पगार कापला त्याच महिन्यात पाहुणे आल्यासारखं.

पण बहुतेक वेळा चोर बॅटरीच्या डोक्यावर बसलेला असतो. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साठते, बरणीच्या झाकणाला लोणच्याचं मीठ धरावं तशी. करंट तिथेच अडतो. आधी निगेटिव्ह काढायचं, मग पॉझिटिव्ह. पेलाभर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ओतला की भुकटी फसफसून उतरते. ते पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ द्यायचं नाही. मग खांब आणि क्लॅम्प पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचे. जोडताना उलटा क्रम, निगेटिव्ह शेवटी. वरून पेट्रोलियम जेलीचं बोट.

त्याहून लबाड म्हणजे अर्थिंग. इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी तारेची विणलेली पट्टी चिखल-पाण्याने आतून कुजते, वरून मात्र साळसूद. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशावर), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि एका कानटोपीला सेल्फ मारायला बसवायचं. आकडा ०.२-०.३ व्होल्ट असेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी बदला. ती बॅटरीच्या तुलनेत अगदीच किरकोळ किमतीत येते, म्हणूनच कुणी सुचवत नाही.

आता इंजिन फिरतंय पण पेटत नाही, मागून पांढरा धूर येतोय, असं झालं तर तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. अशा वेळी संशय हीटर प्लगवर. डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर सगळा खेळ, आणि गार इंजिन ती उष्णता गिळून टाकतं. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवा विझला म्हणजे प्लग तापले, असं समजू नका. जुन्या गाड्यांत तो दिवा नुसतं घड्याळ बघून विझतो. किल्ली ऑन करून चारही प्लगांना करंट देणाऱ्या पट्टीवर १२ व्होल्ट येतात का बघा. नसतील तर फ्यूज किंवा रिले (प्लगांना करंट सोडणारा खटका) गेलाय. येत असतील तर किल्ली बंद करून पट्टी सोडवा, टेस्ट लॅम्पचा (टोकदार पिनेच्या छोट्या तपासणी दिव्याचा) चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक एकेका प्लगला टेकवा. दिवा लागला तर त्याची कॉइल शाबूत, नाही लागला तर तो प्लग मेला. एक मेला तरी गाडी तीन पायांवर खोकत उठते. माझं मत विचाराल तर चारही बदला. बाकीचेही त्याच वयाचे असतात. काढताना इंजिन गरम हवं, आटे सुटायचं तेल रात्रभर मुरलेलं हवं. गार हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) पान्यावर लोंबकळलात तर प्लग आतच तुटतो, आणि मग हेड उतरवायची वेळ येऊ शकते.

प्लग चांगले, तरीही रोज पहाटे हेच? मग रात्रीतून डिझेल टाकीकडे परततंय. फिल्टरवरचा हातपंप दाबा. नरम लागला तर नळीत हवा. क्लिप आणि वॉशर बघा. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणीही काढून टाका.

एकदा सेल्फ मारला की दहा सेकंदच, मग मिनिटभर दम. "अजून एक, अजून एक" करणारे सेल्फची मोटर जाळतात आणि मग बॅटरीला दोष देतात. दुसरी कानटोपी "इथर स्प्रे मारा" म्हणते. हीटर प्लगच्या गाडीत ते करू नका, भडका उडतो. तिसरी म्हणते, खाली शेकोटी पेटवू. द्राक्षबागेचा परिणाम. चौथी बाह्या सरसावून धक्का मारायला सज्ज. तिला दुसरा गिअर, दाबलेला क्लच, गाडीला वेग आला की झटकन सोडायचा, एवढं सांगून ठेवावं.

तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मेलेला निघतो. चारही बदलल्यावर गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. नाना मफलर सारखा करत काचेजवळ येतात.

"टाकली ना शेवटी नवी बॅटरी?"

मी हो म्हणतो.