लेबर रूमबाहेरची आई

भावजयीला सातवा लागला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. काकूंचं म्हणणं, मालिश सुटली, कामं सुटली, म्हणून हल्लीच्या पोरींचं सिझर होतं. भावाचं म्हणणं, सुईणींच्या काळात बाया मरायच्या, विषय संपला. शेवटी दोघांनी मलाच मध्ये ओढलं : ताई, तू सांग, तिकडे काय करतात?

तिकडे, म्हणजे इंग्लंडात, मी मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, आहे आणि आठवड्यातले दोन दिवस विद्यापीठात संशोधनाचं काम करते. मिडवाइफ इथल्या व्यवस्थेचा कणा. तरी इंग्लंडात आता शंभरातली चाळीसहून जास्त बाळंतपणं सिझेरियननं होतात. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा २५.४ टक्के होता. (देशभरातल्या खासगी दवाखान्यांचा वेगळा काढला तर ४७.४. तो काकूंना सांगितला नाही, ग्रुप पेटला असता.) म्हणजे सुईण परत आणली की सिझर कमी, इतकं ते सरळ नाही.

वाद सरकारी पातळीवरही हाच आहे. केंद्रानं डिसेंबर २०१८ मध्ये मिडवायफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, नर्सना १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. तेव्हापासून चर्चा एकाच खुंट्याभोवती फिरते : नर्सला किती अधिकार द्यायचे? डॉक्टर बोलतात, नर्सच्या संघटना बोलतात. जिच्या पोटात कळ येते ती या चर्चेत कुठे असते, हे मला अजून सापडलेलं नाही.

मी तरी कुठे विचारलं होतं? एम.एस्सी. नर्सिंगचा माझा प्रबंध कळांमधल्या पाठीच्या मालिशवर होता. साठ बायका, तीस-तीसचे दोन गट, आधी वेदनेचा स्कोअर, नंतर वेदनेचा स्कोअर. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, लायब्ररीचं काचेचं कपाट, कपाटाला कुलूप. आमच्या बॅचचे निम्मे विषय 'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमचा ज्ञानावर होणारा परिणाम' या साच्यातले. शिकवलं की ज्ञान वाढतं, हे आम्ही दरवर्षी नव्यानं सिद्ध करत होतो.

इथे आल्यावर मालिशवरच एक प्रस्ताव लिहिला. तो आधी एका गटापुढे ठेवायचा होता : सहा-सात बायका, सगळ्या बाळंतपणातून गेलेल्या, एकीच्या मांडीवर चार महिन्यांचं बाळ. तिनं पहिलं पान वाचून विचारलं, "ही मालिश करणार कोण? ओळखीचं माणूस की ड्युटीवर असेल ती?" माझ्या साठ जणींच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. मालिशनं पहिल्या टप्प्यातल्या कळा थोड्या सुसह्य होतात, असं कॉक्रेनचे (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचे) आढावे सांगतात. पण पुरावा कच्चा आहे, हेही सांगतात. त्या बाईच्या प्रश्नानंतर तो कच्चा का, याचा मला थोडा अंदाज आला.

शेजारच्या सोशल वर्क विभागात तर हा रिवाजच आहे. २००३ मध्ये इंग्लंडात सोशल वर्कची पदवी सुरू झाली तेव्हापासून, ज्यांनी ही सेवा स्वतः घेतली आहे त्यांना प्रवेशाच्या निवडीत आणि शिकवण्यात सामील करून घ्यावं लागतं. कधी ते नुसतं नावापुरतं उरकतात, तेही पाहिलंय.

आणि इथलं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. इंग्लंडातल्याच श्रूजबरी-टेलफर्डच्या रुग्णालयांतल्या बाळंतपणांच्या चौकशीचा ऑकेंडन अहवाल मार्च २०२२ मध्ये आला. चांगली काळजी घेतली असती तर २०१ बाळं वाचली असती किंवा वाचू शकली असती, असं त्यात निघालं. कमी सिझेरियनचा त्या संस्थेला अभिमान होता. चौकशी सुरू झाली ती बाळ गमावलेल्या दोन कुटुंबांनी पिच्छा पुरवला म्हणून. बायका सांगत होत्या, कुणी ऐकत नव्हतं. तिथेही सुईण होती, डॉक्टरही होते.

ऐकण्याची रीत आपल्याकडे नव्हतीच असंही नाही. गडचिरोलीत राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं, त्यांचं दुखणं विचारलं. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. हे १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

सुईणीच्या पोतडीतली एक गोष्ट मात्र भक्कम उतरली आहे : शेवटपर्यंत जवळ बसणं. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्या, पंधरा हजारांवर बायका. सतत कुणीतरी सोबत असलं की बाळंतपण आपसूक होण्याची शक्यता वाढते. भारत सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत सोबतीण ठेवायला मान्यता दिली. मी जिथे शिकले तिथे मुलीची आई बाहेरच्या बाकावर बसायची, हातात थर्मास आणि जुन्या लुगड्याच्या घड्या. आतून ओरडणं ऐकू आलं की उठून दारापर्यंत जायची, परत येऊन बसायची.

ग्रुपवर त्या दिवशी शंभरेक मेसेज पडले. भावजयीचा एकही नव्हता. रात्री तिनं मला एकटीला लिहिलं : "ताई, मालिशचं राहू द्या. कळा सुरू झाल्या की आईला आत येऊ देतील का?"

मी लिहिलं, पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा हाच प्रश्न पहिला विचार, आणि आईंना सोबत घेऊन जा.